चौथ्या-पाचव्या मणक्यामधली

तिला सगळे गादी म्हणतात, पण तिच्यात कापूस नाही. जाडी जेमतेम सेंटिमीटरभर. बाहेरून चिवट तंतूंची १५-२० वलयं, एकात एक. एका वलयाचे धागे डावीकडे तिरके तर पुढच्याचे उजवीकडे, बाजेच्या विणीसारखे. मधोमध ताडगोळ्याच्या गरासारखा पाणीदार गाभा. पाठीच्या कण्यात अशा २३ जणी असतात. माझी गाठ पडली ती कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधलीशी.

तिच्या गाभ्यापर्यंत रक्तवाहिनी पोचत नाही. शेजारच्या मणक्यांतून जे झिरपेल त्यावर ती जगते. भार पडला की पाणी सोडते, उतरला की शोषून घेते. रात्री आपण आडवे झालो की भरपेट पिते, म्हणून सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच भरतो. चाललेलं तिला मानवतं, तासन्‌तास बसलेलं सोसत नाही. स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभं राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त निघाला. मी २१ वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसले. तेवढ्या वर्षांत ती आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी गॅसचा सिलिंडर सरकवायला वाकले आणि कमरेतून निघालेली कळ डाव्या मांडीवरून, नडगीच्या बाहेरून थेट पायाच्या अंगठ्यात उतरली.

‘गादी सरकली,’ शेजारच्या काकू म्हणाल्या. ती सरकत नाही हो. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट धरून असते. मागच्या बाजूला तिची वलयं पातळ असतात. तिथे ती चिरतात आणि आतला गर मागे रेटा देतो. मधोमध एक भक्कम पट्टा आडवा येतो, म्हणून फुगवटा जरा कडेला निघतो, आणि पायात जाणारी नस नेमकी तिथूनच जाते. नुसत्या दाबानं नाही, त्या गराच्या संपर्कानंही नस सुजते.

एमआरआयच्या फिल्मवर ती काळवंडलेली दिसली. पाणी आटलेलं, पोट मागे निघालेलं. पहिल्या सर्जननी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात करून टाकू.’ त्यांनी मला चप्पलसुद्धा काढायला सांगितली नाही. त्याचा राग मला अजून आहे. पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचा एमआरआय काढून केलेला एक अमेरिकी अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २७ टक्के लोकांमध्ये असाच फुगवटा होता, आणि ती माणसं खुशाल हिंडत होती. काळी सावली पाहून कुणाची पाठ उघडायची नसते.

दुसऱ्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या. फिल्म त्यांनी शेवटी पाहिली. आधी मला टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. उताणं निजवून पाय सरळ उचलला. कुठे कळ येते ते पाहिलं. पायाचा अंगठा त्यांच्या हाताविरुद्ध वर ओढायला लावला. लघवी नीट होते का, बसायच्या जागी मुंग्या आहेत का, तेही विचारलं. ‘अंगठ्यात जोर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सहा आठवडे बघू. गोळ्या घ्या, जमेल तितकं चाला, अंथरूण धरू नका. अंगठा ढिला वाटला तर त्याच दिवशी या.’

त्या सहा आठवड्यांत मी वाचत सुटले. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली दाखवून दिलं की पायातल्या कळेमागे ही गादी असू शकते, आणि ती काढून माणूस बरा होतो. तेव्हापासून ऑपरेशनला मान आहे, आणि तो रास्त आहे. माझ्या मावसभावाचं पाऊल लुळं पडू लागलं होतं. त्याचं ऑपरेशन लगेच झालं, ते योग्यच झालं. पण नुसती कळ असेल तर? हॉलंडमध्ये दीड ते तीन महिने तीव्र सायटिका, म्हणजे हीच पायात उतरणारी कळ, भोगलेल्या २८३ जणांवर अभ्यास झाला, तो २००७ साली छापून आला. लवकर ऑपरेशन केलेले लवकर सुटले. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. तरी वर्षअखेरीला दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे झाले होते. म्हणजे कळ असह्य असेल, कामधंदा बुडत असेल, तर ऑपरेशन मागून घेण्यात काही कमीपणा नाही. सोसवत असेल तर थांबण्यातही नाही.

शिवाय शरीर स्वतःही काही करत असतं. गादीतून बाहेर आलेला गर त्याच्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात. नवल असं की तुटून पडलेला मोठा तुकडा बऱ्याचदा लवकर विरतो. माझ्यासारखा वलयांत अडकलेला फुगवटा रेंगाळतो. माझी कळ तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यापर्यंत मागे सरली, नवव्या आठवड्यात गेली. त्या कळेपायी रडलेल्या रात्री मी विसरलेले नाही. पण रोज सकाळी स्वयंपाकघरापर्यंत टाचांवर चालत जाते, अंगठा वर ओढून पाहते, आणि माझी गादी निमूट काम करते आहे एवढ्यानं मला बरं वाटतं.

तुमच्या हातात आज अशी फिल्म असेल, तर आधी पाय तपासून घ्या, मग तारीख ठरवा. पण लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. रात्रीच इस्पितळ गाठा.