गच्चीवरचा मंगळवार

मे २०२०. घोडेगावात आमच्या घरात रेंज नाही, म्हणून दर मंगळवारी फोन घेऊन गच्चीवर. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२ पासून फोनवर समुपदेशन करते, हे मला टाळेबंदीत कळलं. समोर चेहरा नाही याचं आधी दडपण आलं, मग त्याचंच बरं वाटलं. रडताना तोंड लपवावं लागत नाही. छातीत धडधड सुरू झाली तशी फोनवरच्या समुपदेशक ताई म्हणाल्या, “दिसतील त्या पाच गोष्टी सांगा.” शेजारची कौलं, वाळत घातलेल्या कुरडया, डिंभ्याकडचे ढग, माझीच चप्पल... पाचवी सापडेना.

“अगं, कुणाशी बोलतेस एवढं?” खालून आई.

“मैत्रिणीशी!” खरं सांगितलं असतं तर मंचरपर्यंत बभ्रा.

पाचवीला मी कावळा सांगितला. कुरडयांवर बसला होता.