पद्मतीर्थावरची क्रीडाज्योत

वाशिमला पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी बालाजीच्या दर्शनाला नेतो, मग पद्मतीर्थावर. वाकाटकांच्या वेळचं वत्सगुल्म ते हेच गाव. पण परवा मी पद्मतीर्थावर गेले ती पाहुण्यांना घेऊन नव्हे, तर हातात पेटवायचा कंदील घेऊन!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. यंदा क्रीडामहोत्सवाची मशाल करण्याचं काम माझ्याकडे आलं. "त्यात काय एवढं? दांड्याला चिंध्या गुंडाळायच्या," आमचे हे म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. पण वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की मशालीचा आकारसुद्धा बोलतो. टोकियो ऑलिंपिकची मशाल म्हणजे साकुराचं पाच पाकळ्यांचं फूल. तिच्यात २०११ च्या भूकंपग्रस्तांच्या तात्पुरत्या घरांचं ॲल्युमिनियम वापरलेलं. पॅरिसची २०२४ ची मशाल वर-खाली सारखीच, कारण तिथे स्त्री-पुरुष खेळाडूंना प्रथमच समान जागा होत्या.

मला मात्र आपल्या गोंधळातली दिवटी आठवली. दिवटीबरोबर बुधली हवीच. तेल घालणारा हात थांबला की ज्योत संपली. तशीच मशाल केली. पत्र्याचा कोन, लाकडी दांडा, सुती चिंध्या, आणि तेल हातावर ओघळू नये म्हणून खाली पत्र्याची वाटी.

आता ती न्यायची कुणी? आजवर मुलगे धावत आणि मुली ओवाळायला उभ्या राहत. मी आठवीतल्या एका मुलीचं नाव सुचवलं. शर्यतीत तीच पहिली येते. थोडी कुरबुर झाली. मी म्हटलं, "१९६८ साली मेक्सिकोत ऑलिंपिकची ज्योत एन्रिकेता बासिलिओ या धावपटू मुलीनेच प्रज्वलित केली." मग सगळे गप्प.

सकाळी भिंगाने ऊन धरून कापूर पेटवला. ऑलिंपियात अंतर्गोल आरशाने पेटवतात, तसाच. त्यावर मशाल लावली आणि माझा कंदीलही. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या आपल्या खाशाबा जाधवांना १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांत ज्योत घेऊन धावण्याचा मान मिळाला होता, हे सांगितल्यावर पोरगी कशी ताठ उभी राहिली!

पण चौकात वाऱ्याचा झोत आला आणि मशाल विझली. "तरी म्हटलं होतं, मुलीच्या हाती देऊ नका," मागून कुणीतरी बोललंच. पोरीचे डोळे भरले. एकाने खिशातून काडेपेटी काढली. मी म्हटलं, "थांबा." १९७६ साली मॉन्ट्रियलला पावसाने ज्योत विझली, तेव्हा कुणी घाईने लायटरने पेटवली होती, ती विझवून जपलेल्या मूळ ज्योतीवरून पुन्हा लावावी लागली. मी बुधलीतलं तेल चिंध्यांवर सोडलं आणि कंदील पुढे केला. मशाल भडकली. पोरगी जी धावली, ती मैदानातच थांबली.

तिची आई मजुरी बुडवून आली होती. पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "पुढच्या साली कंदील मी धरतो, बाई."