चौकशीचं पुढं काय झालं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या कार्यालयात दोन प्रकारची माणसं येतात. पहिल्यांच्या हातात दोषारोपपत्र असतं. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, लिपिक अशी ही मंडळी विभागीय चौकशीला सामोरी जात असतात आणि मी त्यांची बाजू मांडतो. दुसऱ्यांच्या हातात माहिती अधिकाराचा नाकारलेला अर्ज असतो. त्यांनी कधीतरी एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार केलेली असते, चौकशी झाल्याचं ऐकलेलं असतं आणि पुढे सगळं शांत झालेलं असतं. ‘साहेब, माझ्याच तक्रारीवर चौकशी झाली. मग निकाल मलाच का सांगत नाहीत?’ हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, की तो आता मला माझाच वाटतो. दोन्ही बाजूंचे कागद हाताळल्यामुळे माझं एक ठाम मत झालं आहे. ते या लेखात मांडतो.

आधी चौकशी म्हणजे काय, ते पाहू. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. कारणे दाखवा नोटीस, दोषारोपपत्र, कर्मचाऱ्याचं बचावाचं निवेदन, चौकशी अधिकाऱ्यापुढे साक्षी-उलटतपासणी, अहवाल आणि शेवटी शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचा आदेश, अशी ही वाट आहे. ठपका ठेवणं, पदोन्नती किंवा वेतनवाढ रोखणं, शासनाच्या नुकसानीची वसुली करणं या किरकोळ शिक्षा आहेत. पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी या मोठ्या शिक्षा. कर्मचारी निलंबित असेल, तर त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो. चौकशी अधिकाऱ्याचा वेळ, कार्यालयाचे कागद, हा भत्ता, सगळा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. त्या खर्चातून निघालेला निष्कर्ष मात्र कपाटात जातो.

या कपाटाला कुलूप लागलं ते आपल्याच राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी २००८ मध्ये नागपूरच्या प्रादेशिक भविष्य निर्वाह निधी आयुक्तांकडे अर्ज केला. अकोल्याच्या उपप्रादेशिक कार्यालयातल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश आणि मालमत्तेचा तपशील त्यांना हवा होता. माहिती नाकारली गेली. केंद्रीय माहिती आयोग आणि उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ अशा पायऱ्या चढत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. दीपक मिश्रा यांच्या पीठानं निकाल दिला. कर्मचाऱ्याची कामगिरी हा मुख्यतः तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातला विषय आहे, ती वैयक्तिक माहिती ठरते आणि व्यापक जनहित सिद्ध झाल्याशिवाय ती देता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

तेव्हापासून हा निकाल जन माहिती अधिकाऱ्यांच्या उत्तरांत ठरावीक परिच्छेदासारखा उतरू लागला. मागणी काय, जनहित आहे की नाही, हे न तपासताच माहिती अधिकार कायद्यातल्या वैयक्तिक माहितीच्या अपवादाकडे बोट दाखवून ‘कलम ८(१)(ञ) नुसार देय नाही’ एवढं लिहून अर्ज निकाली निघतात.

मला या निकालातला मूळ पायाच मान्य नाही. सरकारी नोकराचा नियोक्ता कोण? खासगी कारखान्यात मालक आणि कामगार यांच्यातली बाब त्या दोघांत राहू शकते. तलाठ्याचा पगार मात्र त्याचा वरिष्ठ स्वतःच्या खिशातून देत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक अधिकाऱ्याचं आणि कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयानं आपणहून जाहीर करायचं असतं. म्हणजे एखाद्याला किती पगार मिळतो हे जनतेला कळायलाच हवं, पण त्याची वेतनवाढ कोणत्या गैरवर्तनासाठी रोखली, हे कळता कामा नये! या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

२००५ च्या मूळ कायद्यात याचं उत्तर होतं. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असं परंतुक कलम ८(१)(ञ) ला जोडलेलं होतं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदार तारांकित प्रश्न विचारतात, ‘संबंधित अधिकाऱ्याविरुद्ध कोणती कारवाई केली?’ आणि मंत्री सभागृहात उत्तर देतात. मग तेच उत्तर मतदाराला का नको? मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये सुरूपसिंग नाईक प्रकरणात याच परंतुकाचा आधार घेतला होता. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास झालेल्या या माजी मंत्र्यांचा शिक्षेतला बराच काळ रुग्णालयात गेला. त्यांच्या वैद्यकीय नोंदी उघड करण्याचा मार्ग न्यायालयानं मोकळा केला. वैद्यकीय नोंदींपेक्षा खासगी दुसरं काय असतं? तरी शिक्षा भोगण्यातला जनतेचा संबंध न्यायालयानं ओळखला.

आता दुसरी बाजू, जिच्यासाठी मी रोज उभा राहतो. खोट्या तक्रारी होतात. बदलीच्या, पदोन्नतीच्या चढाओढीत सहकारीच निनावी पत्रं पाठवतात. चौकशी सुरू असताना दोषारोपपत्र गावभर फिरलं, तर निर्दोष ठरूनही त्या माणसाचं गावातलं तोंड परत मिळत नाही. सेवापुस्तकातल्या कौटुंबिक नोंदी, आजारपण, कर्जाचे हप्ते, घरचा पत्ता यांच्याशी तक्रारदाराचं काही देणंघेणं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांत तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ पीडितेची, साक्षीदारांची आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचीही ओळख जाहीर करायला मनाई करतं. पण तेच कलम पुढे सांगतं, की नावं आणि ओळख पटेल असा तपशील न देता पीडितेला मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते. ओळख झाकूनही निकाल सांगता येतो, हे कायदेमंडळानंच इथे दाखवून दिलं आहे.

म्हणून माझ्या मते रेषा अशी आखायला हवी. चौकशी चालू असेपर्यंतचे कागद राखून ठेवावेत, तेही उघड केल्यानं चौकशीत अडथळा येत असेल तेवढेच. चौकशी पूर्ण होऊन आदेश निघाला, की दोषारोपांचा सारांश, निष्कर्ष आणि शिक्षा हे तिन्ही जनतेचं. कर्मचारी निर्दोष सुटला असेल आणि त्याला हवं असेल, तर तेही जाहीर व्हावं. माझे कित्येक पक्षकार निर्दोष सुटल्याचा आदेश घरात ठेवून आहेत. आरोप चहाच्या टपरीवर पोहोचला, निकाल कधीच पोहोचला नाही. गोपनीयतेनं त्यांचं रक्षण झालं नाही, संशयाचं झालं.

ही रेषा आखण्याची मुभाच आता आक्रसली आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम ४४(३) नं माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. सार्वजनिक कार्याशी संबंध आहे का, खासगीपणावर अवाजवी आक्रमण होतं का, व्यापक जनहित आहे का, हे सारे निकष गेले. आता कलमात उरलं आहे ते एवढंच, की वैयक्तिक माहिती देण्याचं बंधन नाही. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं खासगीपणाच्या कायद्यानं माहिती अधिकाराला कात्री लावू नये, असं २०१२ मध्येच सांगितलं होतं. ते ऐकलं गेलं नाही.

जगाचं वारं उलट दिशेनंही वाहिलं आहे. न्यूयॉर्क राज्यात १९७६ पासून ‘५०-अ’ या कलमानं पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी झाकून ठेवल्या होत्या. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, आणि जूनमध्ये न्यूयॉर्क राज्यानं ते कलमच रद्द केलं. झाकलेल्या नोंदींची किंमत कुणाला तरी जिवानं मोजावी लागते, हे तिथे लोकांनी रस्त्यावर उतरून सांगितलं.

आपल्याला तर इतक्या दूर जायचीही गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. गावचं दप्तर वंशपरंपरेनं एका घरात राहायचं, ते त्यांनी सार्वजनिक नोकरीत आणलं. सरकारी पद ही कुणाची घरगुती मालमत्ता नव्हे, हा विचार या करवीरनगरीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमलात आला. पदावरच्या वर्तनाचा हिशेब ‘वैयक्तिक’ ठरवणं म्हणजे त्या पदाला पुन्हा वतनाकडे ढकलणं आहे.

मग आज करायचं काय? कलम ८(२) अजून शाबूत आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर सार्वजनिक प्राधिकरण ती देऊ शकतं. अर्जदारानं कारण सांगण्याची गरज नाही असं कलम ६ सांगत असलं, तरी अशा प्रकरणात मी कारण लिहायलाच सांगतो. कोणत्या योजनेचा पैसा होता, कुणाचं नुकसान झालं, हे नेमकं लिहा. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून सगळं सेवापुस्तक मागू नका. ‘अंतिम आदेशाची प्रत, कलम १० नुसार खासगी तपशील वगळून’ एवढंच मागा. नकार आला तर प्रथम अपील करा, मग राज्य माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ आहे. तिथेही न्याय मिळाला नाही, तर उच्च न्यायालयासाठी आता मुंबईची वाट धरायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंचचं कामकाज सुरू आहे.

पण एकेका अर्जदारानं एकेक आदेश लढून मिळवायचा, ही काही व्यवस्था नव्हे. प्रत्येक जिल्हा परिषदेनं, महापालिकेनं आणि जिल्हाधिकारी कार्यालयानं दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करावा. किती चौकश्या सुरू झाल्या, किती निकाली निघाल्या, कोणत्या आरोपांवर कोणती शिक्षा झाली, किती जण निर्दोष सुटले आणि किती प्रकरणं वर्षानुवर्षं पडून आहेत, हे त्यात असावं. यात कुणाचं नावही लागत नाही, त्यामुळे नव्या दुरुस्तीचा अडसर इथे येत नाही. कलम ४ खाली हे आजच करता येतं. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. लागतो तो इथल्या कार्यालयप्रमुखांचा निर्णय, आणि तो त्यांनी घ्यावा म्हणून ग्रामसभेत आणि महापालिकेच्या सभेत ठराव मांडणारे आपण.