नोंदवहीबाहेरचा फलंदाज

अमेरिकेतील बेसबॉलचे रसिक सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, यावर हमरीतुमरीवर येतात. कोणी बेब रूथचे ७१४ होमरन पुढे करतो, कोणी हँक ॲरनचे ७५५. मला मात्र जॉश गिब्सन आठवतो. वर्णभेदामुळे तो आयुष्यभर कृष्णवर्णीयांच्या निराळ्या लीगमध्ये खेळला. १९४७ च्या एप्रिलात जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. गिब्सन त्याच जानेवारीत, पस्तिसाव्या वर्षी, वारला होता. २०२४ साली त्या लीगचे आकडे प्रमुख लीगच्या अधिकृत नोंदींत आले आणि .३७२ सरासरीने गिब्सन टाय कॉबच्याही पुढे गेला. खेळ तोच होता. बदलली ती नोंदवही. साहित्येतिहासातही श्रेष्ठत्वाचा वाद घालण्यापूर्वी कोणाच्या नोंदी ठेवल्या गेल्या, हे पाहावयास हवे. गिब्सनच्या बाबतीत ते पाहावयास सत्त्याहत्तर वर्षे लागली.