एका थडग्याचे गाव

वेल्सच्या वायव्य भागात, इंग्रज ज्याला स्नोडोनिया व तेथील लोक एरिरी म्हणतात त्या पर्वतराजीच्या कुशीत, ग्लासलिन आणि कोल्विन या दोन नद्यांच्या संगमावर बेदगेलर्ट नावाचे लहानसे गाव वसले आहे. वस्ती जेमतेम चार-पाचशेची. काळसर दगडाची घरे, पाटीच्या दगडाची छपरे, कमानींचा जुना पूल आणि भोवताली मेंढ्यांची कुरणे. पाट्यांवर आधी वेल्श व मग इंग्रजी. मध्ययुगात येथे ऑगस्टिनियन साधूंचा मठ होता. त्याचे चर्च आजही उभे आहे. आम्ही गेलो तो जून महिना होता. सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळत असल्याने सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची चिंता मात्र मुळीच उरली नव्हती!

वेल्श भाषेत ‘बेद’ म्हणजे थडगे. नदीकाठच्या हिरवळीत, झाडाखाली, गेलर्ट नावाच्या शिकारी कुत्र्याचे ते थडगे दाखवितात. कथा अशी : 13व्या शतकातील राजा लिवेलिन शिकारीहून परतला, तो पाळणा उलथलेला, बाळ दिसेना आणि गेलर्टचे तोंड रक्ताने माखलेले. राजाने तत्क्षणी तलवार खुपसली. कुत्र्याच्या अखेरच्या आक्रोशाला बाळाच्या रडण्याने उत्तर दिले. पाळण्याखाली बाळ सुखरूप होते व शेजारी गेलर्टने मारलेला लांडगा पडला होता.

वाचकांना ही कथा परकी वाटणार नाही. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस तीच आहेत. पाणी भरून आलेल्या ब्राह्मणीने रक्ताळलेल्या मुंगसावर घागर टाकली. त्याने तर बाळाला सापापासून वाचविले होते. पंचतंत्राची एक प्रसिद्ध वाचना जैन मुनी पूर्णभद्र यांनी 1199 साली सिद्ध केली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. भारतीय कथा पहलवी, अरबी, हिब्रू, लॅटिन अशा भाषांतून पश्चिमेकडे गेल्या. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, आणि वेल्सच्या डोंगरात सापाचा लांडगा.

मग हे थडगे? अभ्यासकांच्या मते गावाचे नाव केलर्ट नामक एका प्राचीन संतावरून पडले असावे. दगड मात्र 18व्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड या खाणावळवाल्याने, यात्रेकरूंचा ओघ वाढावा म्हणून, काही गावकऱ्यांच्या साह्याने उभारला असे मानतात. ‘रॉयल गोट’ या तेथील हॉटेलचा तो पहिला चालक. ते हॉटेल 1802 मध्ये सुरू झाले. व्यापारी म्हणून मला त्याच्या हिकमतीचे कौतुक वाटले. ‘असत्य ते असत्यच,’ असे सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे सुनावले. मला उत्तर सुचले नाही. तरीही दोनशे वर्षे अर्धे गाव त्या दगडावर जेवते आहे, हे नाकारता येत नाही.

थडगे बनावट आहे हे आधीच वाचून गेलो होतो. तरी तेथे उभा राहिलो आणि पाऊल निघेना. तीस वर्षांपूर्वी पेढीवर एका संध्याकाळी रोकड जुळेना, म्हणून मी आमच्या वृद्ध दिवाणजींना चारचौघांत नको ते बोललो. तिसऱ्या दिवशी चूक सापडली, ती माझ्याच हातच्या नोंदीत. निरोप धाडला, ते आले नाहीत. वडिलांच्या काळापासून त्यांनी आमच्या वह्या सांभाळल्या होत्या. मी स्वतः त्यांच्या दारी जायला हवे होते, गेलो नाही. पुढच्या वर्षी ते वारले. संवत्सरीला दरवर्षी सर्वांना क्षमा मागतो, त्या यादीत हे नाव कधी घालावेसे वाटले नाही. खरे तर धीर झाला नाही.

परतताना दुकानातून त्या थडग्याचे एक चित्रपत्र घेतले. दिवाणजींच्या मुलाचा पत्ता माझ्याजवळ आहे. चित्रपत्राची मागील बाजू अद्याप कोरी आहे. पर्युषण तीन आठवड्यांवर आले आहे.