हिंजवडीच्या बसमधले किंग्ज

रणदिवे! अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या संघाचा मालक चक्क रणदिवे! पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या नामफलकावर सापडेल असं आडनाव, आणि संघ कुठला, तर सॅक्रामेंटो किंग्ज. त्या आडनावाचा धागा धरून जी आत शिरले, ती अजून बाहेर आलेली नाही.

विवेक रणदिवे जुहूत वाढले, एमआयटीत शिकले, सिलिकॉन व्हॅलीत सॉफ्टवेअर कंपनी काढून श्रीमंत झाले. बास्केटबॉल कधी खेळलेच नव्हते! मुलीच्या टीमचे कोच झाले, तर मुली बारा वर्षांच्या, नेम बेताचा. मग यांनी त्यांना शिकवलं काय, तर समोरचीला बॉल आत टाकूच द्यायचा नाही, अख्ख्या कोर्टभर अंगावर जायचं. टीम थेट राष्ट्रीय स्पर्धेत! २०१३ मध्ये किंग्ज सिअॅटलला निघाले होते. एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते अडवलं आणि रणदिव्यांच्या गटाने संघ विकत घेतला.

पण खरी गंमत त्याआधीची. हा संघ म्हणजे बदलीची नोकरी! रोचेस्टरमध्ये ‘रॉयल्स’ म्हणून सुरुवात, १९५७ ला सिनसिनाटी, १९७२ ला कॅन्सस सिटी. तिथे बेसबॉलचे रॉयल्स आधीच ठाण मांडून, म्हणून हे झाले किंग्ज. १९८५ पासून सॅक्रामेंटो. एवढं फिरून एनबीएचं विजेतेपद एकच, १९५१ चं. त्याच मोसमात ते घरच्या कोर्टावर इंडियानापोलिसशी सहा ओव्हरटाइम खेळले. सहा! आणि हरले, ७५-७३. तेव्हा २४ सेकंदांत शॉट मारायचा नियम नव्हता. ओव्हरटाइममध्ये ज्याच्या हाती बॉल लागे, तो शेवटच्या शॉटसाठी नुसता धरून बसे. वैतागलेलं पब्लिक ओरडतंय आणि हे ढिम्म!

आणि याच संघाचा मॉरिस स्टोक्स. ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली कशी नाही? मार्च १९५८, प्लेऑफआधीचा मोसमातला शेवटचा सामना. स्टोक्स पडला, डोकं फरशीवर आपटलं, शुद्ध हरपली. शुद्धीवर आल्यावर पुन्हा खेळायला उतरला! तीन दिवसांनी प्लेऑफचा सामना खेळून विमानात बसला आणि तिथेच कोसळला. शरीर कायमचं लुळं. वय २४. पैसे संपत आलेले, घरचे दूर पिट्सबर्गला. तेव्हा जॅक ट्वायमन पुढे आला. नात्याचा ना गोत्याचा, नुसता टीममधला भिडू. पन्नासच्या दशकातली अमेरिका, हा गोरा, तो काळा. ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला, कोर्टकचेऱ्या करून भरपाई मिळवली, मदतीसाठी दरवर्षी सामने भरवले. १९७० मध्ये स्टोक्स जाईपर्यंत. स्वतः ट्वायमन तेव्हा अवघ्या तेविशीतला होता हो!

२००२ च्या प्लेऑफवर मी जास्त बोलत नाही, बीपी वाढतं. लेकर्सविरुद्धच्या मालिकेत सहाव्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरला लेकर्सना २७ फ्री थ्रो. सत्तावीस! सातवा सामना ओव्हरटाइममध्ये गमावला. पुढे तर सलग १६ मोसम प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. हा एनबीएचा विक्रमच. २०२३ मध्ये एकदाचा दुष्काळ सरला. आता ते जिंकले की स्टेडियमवरून जांभळा लेझर आकाशात सोडतात.

तिथला संध्याकाळचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला लागतो, म्हणजे नेमका माझ्या हिंजवडीच्या बसमध्ये. वाकडच्या पुलापाशी बस अडकली की अख्खा क्वार्टर पदरात पडतो. शेजारची ताई आता स्कोअर विचारते. (‘पुणे पेशवाज’ नावाचा आपलाही संघ भारतातल्या यूबीए या बास्केटबॉल लीगमध्ये होता, हे मला तिनेच सांगितलं.)

आणि ऐका, ऑक्टोबर २०१९ मध्ये हेच किंग्ज मुंबईत येऊन गेले! वरळीच्या डोममध्ये, भारतातले पहिलेवहिले एनबीए सामने, इंडियाना पेसर्सविरुद्ध. पहिला ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा हरले, दुसरा १३०-१०६. दोन्ही हरले, अर्थातच. पण एक्स्प्रेस वेने तीन-चार तासांवर होते हो सगळे, आणि मी तेव्हा पुण्यात बसून काय करत होते कोण जाणे!