मधले ठिपके

नेरूळच्या आमच्या घराच्या दारापुढे जेमतेम दोन फरशांची जागा आहे. दिवाळीत आई तिथेच गेरू सारवते आणि ठिपके मांडते : अकरा ते सहा, मधले ठिपके. मधली ओळ अकराची, वर-खाली एकेक कमी होत सहापर्यंत. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. रेघ ओढायच्या आधीच षटकोन दिसू लागतो.

हीच रांगोळी मी धातूवर पाहिली, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिपलेल्या चित्रांत.

पारा ४.२ केल्विनपर्यंत गार केल्यावर त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे कामरलिंग ओनेसने १९११ साली पाहिलं. शाळेत अतिवाहकता इथेच संपते. मला ती इथून पुढे सुंदर वाटते. अतिवाहक चुंबकीय क्षेत्राला आत येऊ देत नाही. पण क्षेत्राचा जोर वाढला की काही अतिवाहक त्याला धाग्याधाग्यांनी वाट देतात. प्रत्येक धाग्याभोवती विजेचा भोवरा फिरतो. सगळे भोवरे सारख्याच मापाचे, आणि एकमेकांना दूर लोटणारे. त्यामुळे ते आपोआप मधल्या ठिपक्यांसारखे बसतात. अब्रिकोसोवने १९५७ साली भोवऱ्यांची जाळी गणितातून मांडली होती.

जाड धातूत हे धागे लांब असतात. कुलाब्याच्या चित्रांतला मोलिब्डेनम-जर्मेनियमचा अतिवाहक थर होता सुमारे २० नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे हजारो थर मावतील. एवढ्या पातळ थरात धाग्याचा ठिपकाच उरतो. क्षेत्र वाढवत नेलं तेव्हा ही जाळी एकदम विस्कटली नाही. आधी ठिपक्यांच्या जागा ढळल्या, तरी ओळींच्या सहा दिशा शाबूत राहिल्या. त्या दिशा मोडल्या त्याहून मोठ्या क्षेत्रात. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. जाळी अशी दोन पायऱ्यांनी वितळेल, हे सिद्धान्तानं कित्येक वर्षं आधी सांगितलं होतं. इथे ते ठिपका ठिपका मोजून दाखवलं.

गेली दोन वर्षं आईचा हात थरथरतो. ठिपके इकडेतिकडे पडतात, एखादा दुसऱ्याला चिकटतो. मी वाकून पाहते तेव्हा ओळी कुठून कुठे निघाल्या आहेत ते मला स्पष्ट कळतं.

छापे मिळतात, ते आणू का, असं विचारलं तर ती नको म्हणाली. गेरू आणून ठेवला आहे. यंदाही अकरा ते सहाच.